तारेचे माप : लॉर्ड केल्विन यांची जीवनकथा

प्रस्तावना

आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. दिवा दिसतो, बटण दिसते. परंतु या दोहोंना जोडणारी तार भिंतीआड दडलेली असते. ती किती जाड आहे, हे पाहण्याची इच्छा सहसा कुणाला होत नाही. मोठे रुग्णालय, अनेक मजल्यांची इमारत किंवा कारखाना यांचा सारा भार मात्र याच दडलेल्या तारांवर असतो. तार गरजेपेक्षा बारीक असेल, तर ती तापते, तिचे आवरण वितळते आणि प्रसंगी आग लागते. ती गरजेपेक्षा फार जाड असेल, तर महागडे तांबे उगाच भिंतीत पुरले जाते. मग नेमकी किती जाडी योग्य?

हा प्रश्न अंदाजाने सोडवायचा नसतो, तो मोजमापाने आणि हिशेबाने सोडवायचा असतो, हे जगाला पटवून देणाऱ्यांत विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन, यांचे स्थान फार वरचे आहे. तापमानाच्या केल्विन या एककामुळे त्यांचे नाव आपल्या परिचयाचे असते. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाची ओळख तांब्याच्या तारेच्या निमित्ताने करून घेऊ.

मूळ पाठ

बालपण आणि शिक्षण

विल्यम थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट या शहरात झाला. त्यांचे वडील जेम्स थॉमसन गणिताचे शिक्षक होते. विल्यम सहा वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. त्यानंतर वडिलांनीच मुलांना वाढवले आणि शिकवले. १८३२ मध्ये वडिलांची नेमणूक स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून झाली आणि सारे कुटुंब ग्लासगोला आले. त्या काळी तेथील विद्यापीठ हुशार मुलांना लहान वयातही प्रवेश देत असे. विल्यम यांचे नाव वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी विद्यापीठाच्या पटावर लागले.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या हाती फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांचा उष्णतेवरील ग्रंथ पडला. लोखंडाच्या कांबीचे एक टोक तापवले, तर उष्णता दुसऱ्या टोकापर्यंत कशी आणि किती वेळात पोहोचते, याचे गणित त्या ग्रंथात मांडले होते. विल्यम यांनी तो अवघ्या काही दिवसांत वाचून काढला. हे गणित पुढे समुद्राच्या तळाशी पडलेल्या तारेला लागू पडणार आहे, याची त्या वेळी कुणालाच कल्पना नव्हती.

१८४१ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाच्या पीटरहाउस महाविद्यालयात दाखल झाले. १८४५ मध्ये तेथील गणिताच्या अवघड परीक्षेत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. नंतर काही महिने पॅरिसमध्ये रेन्यो या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत राहून त्यांनी काटेकोर मोजमापाचे धडे घेतले. १८४६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. हे पद त्यांनी पुढे ५३ वर्षे सांभाळले.

विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी ब्रिटनमध्ये अशी पद्धत नव्हती. थॉमसन यांनी विद्यापीठातील मद्य साठवण्याचे एक जुने तळघर मागून घेतले आणि तेथे प्रयोगशाळा सुरू केली. पुढे तांब्याच्या असंख्य तारांची पारख याच प्रयोगशाळेत झाली.

ओम आणि जूल यांचा वारसा

थॉमसन यांचे कार्य समजून घेण्यासाठी त्यांच्या आधीचे दोन शोध माहीत असले पाहिजेत. जर्मनीतील गेओर्ग ओम या शिक्षकाने वेगवेगळ्या लांबीच्या आणि जाडीच्या तारा घेऊन प्रयोग केले आणि १८२७ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तार जितकी लांब, तितका तिचा विजेला होणारा रोध जास्त. तार जितकी जाड, तितका रोध कमी. रुंद रस्त्यावरून गर्दी सहज पुढे सरकते आणि अरुंद बोळात अडते, तसेच काहीसे येथे घडते.

दुसरा शोध इंग्लंडमधील जेम्स जूल यांचा. तारेतून वीज वाहू लागली की तार तापते. किती तापते, हे जूल यांनी १८४० च्या सुमारास मोजले. विद्युतधारा दुप्पट केली, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. धारा तिप्पट केली, तर उष्णता नऊपट होते. जूल हे मद्यनिर्मितीचा व्यवसाय असलेल्या घराण्यातील होते, विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. त्यामुळे त्यांच्या संशोधनाकडे प्रारंभी फारसे कुणी लक्ष दिले नाही. १८४७ मध्ये ऑक्सफर्ड येथील एका परिषदेत तरुण थॉमसन यांनी त्यांचे व्याख्यान ऐकले आणि त्याचे महत्त्व ओळखले. तेथे जुळलेली मैत्री दोघांनी पुढे अनेक वर्षे जपली.

अटलांटिकच्या तळाशी

१८५० नंतरच्या काळात युरोप आणि अमेरिका ही खंडे तारायंत्राने जोडण्याची कल्पना पुढे आली. त्यासाठी सुमारे ३,००० किलोमीटर लांबीची तार महासागराच्या तळाशी टाकावी लागणार होती. मात्र पाण्याखालच्या लांब तारेत एक विचित्र अडचण येत असे. एका टोकाला दिलेला स्पष्ट संकेत दुसऱ्या टोकाला पसरट आणि मंद होऊन पोहोचे. दोन संकेत एकमेकांत मिसळत आणि काहीच उलगडत नसे.

थॉमसन यांनी १८५५ मध्ये या कोड्याचे गणित मांडले. तापलेल्या कांबीतून उष्णता जशी हळूहळू पसरते, तसाच विजेचा संकेत लांब तारेतून पसरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. फूरिए यांचे गणित येथे तंतोतंत लागू पडले. त्यावरून असे दिसले, की तारेची लांबी दुप्पट झाली, तर संकेताचा विलंब चौपट होतो. यावर उपायही त्यांनी सांगितला. तांब्याचा वाहक अधिक जाड घ्यावा आणि त्याभोवतीचे रोधक आवरणही अधिक जाड ठेवावे.

हा उपाय खर्चिक होता आणि तो सर्वांना मान्य नव्हता. १८५६ मध्ये अटलांटिक तारायंत्र कंपनी स्थापन झाली. तिचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शल्यचिकित्सक होते. आपल्या प्रयोगांच्या आधारे त्यांनी थॉमसन यांचा सिद्धांत नाकारला. बारीक तार पुरेशी आहे, केवळ विजेचा जोर वाढवला की काम भागेल, असे त्यांचे मत होते. थॉमसन कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आले, तोवर तारेचे माप ठरून गेले होते. एका सागरी मैलासाठी १०७ पौंड तांबे, हे ते माप. हिशेब केला, तर या वाहकाचा काटछेद तीन चौरस मिलिमीटरांपेक्षाही थोडा कमी भरतो. आज घरातील मोठ्या उपकरणांसाठी बहुधा अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची तार वापरतात. जवळजवळ तेवढ्याच जाडीच्या तारेवर दोन खंडांमधील संवाद सोपवला गेला होता!

आपला सल्ला डावलला गेला, म्हणून थॉमसन रागावून दूर झाले नाहीत. हाती आहे त्या तारेतून जास्तीत जास्त काय साधता येईल, याचा ते विचार करू लागले. त्यांनी कारखान्यातील तांब्याचे नमुने तपासले. सारखीच जाडी आणि सारखीच लांबी असलेल्या तारांची वीज वाहून नेण्याची क्षमता मात्र बरीच वेगवेगळी आढळली. तांब्यातील थोड्याशा भेसळीनेही रोध वाढत होता. तारेची केवळ जाडी पाहून चालत नाही, धातूची शुद्धताही मोजावी लागते, हे त्यांनी दाखवून दिले आणि तांब्याच्या तपासणीचा आग्रह धरला. अत्यंत क्षीण विद्युतधाराही ओळखता यावी, म्हणून त्यांनी एका इवल्याशा आरशाचा उपयोग करून नाजूक उपकरण तयार केले. धारा आली, की आरसा किंचित फिरे आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर सरके.

१८५७ मध्ये तार टाकतानाच तुटली. १८५८ च्या उन्हाळ्यात वादळे आणि अनेक अपयशे सोसून अखेर ५ ऑगस्ट रोजी तार दोन्ही किनाऱ्यांना लागली. थॉमसन स्वतः जहाजावर होते. दोन्ही देशांत मोठा जल्लोष झाला. इंग्लंडच्या राणीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पाठवलेला सुमारे शंभर शब्दांचा संदेश पोहोचण्यास जवळपास १६ तास लागले. संकेत आणखी मंद होऊ लागले, तेव्हा व्हाइटहाउस यांनी तारेवर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच सदोष असलेले आवरण त्याने आणखी दुबळे झाले. काही आठवड्यांतच तार कायमची मुकी झाली. प्रचंड खर्चाने टाकलेले तांबे समुद्राच्या तळाशी निरुपयोगी होऊन पडले.

१८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीकडे टाकलेली तारही निकामी ठरली. तेव्हा ब्रिटिश सरकार आणि अटलांटिक कंपनी यांनी मिळून चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे थॉमसन यांनी शांतपणे आपली मोजमापे मांडली. चौकशीत घाईने केलेली निर्मिती, निष्काळजी हाताळणी आणि मोजमापाचा अभाव हे सारे दोष उघड झाले.

पुढील प्रयत्नासाठी नवी तार बनवण्यात आली. तीत एका सागरी मैलासाठी ३०० पौंड, म्हणजे पूर्वीच्या जवळपास तिप्पट, तांबे होते. आवरणही जाड होते. प्रत्येक तुकड्याची कारखान्यातच चाचणी घेण्यात आली. ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजावरून १८६५ मध्ये ही तार टाकत असताना ती समुद्रात तुटली. परंतु २७ जुलै १८६६ रोजी नवी तार यशस्वीपणे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. त्यानंतर आदल्या वर्षी हरवलेले टोकही समुद्रतळातून वर काढून ती दुसरी तार पूर्ण करण्यात आली. या कार्याबद्दल थॉमसन यांना त्याच वर्षी ‘सर’ हा किताब मिळाला. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन ही सागरी तार टाकली आणि भारत या जाळ्याशी जोडला गेला.

तांब्याच्या काटकसरीचा नियम

तारायंत्रासाठी लागणारी विद्युतधारा अगदी क्षीण असते. १८८० च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले. आता तारांतून मोठी धारा सतत वाहणार होती. न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांनी १८८२ मध्ये वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा जमिनीखाली घालाव्या लागणाऱ्या तांब्याचा खर्च ही त्यांच्यापुढील एक मोठी चिंता होती. तार बारीक ठेवावी, तर वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जाड ठेवावी, तर तांब्यावरच सारे भांडवल खर्च होते.

या पेचावर थॉमसन यांनी १८८१ मध्ये यॉर्क येथील परिषदेत एक छोटा निबंध वाचला. त्यांचा विचार एखाद्या चतुर गृहस्थाच्या जमाखर्चासारखा सरळ होता. तारेपायी दरवर्षी दोन प्रकारचा खर्च होतो. तांब्यात गुंतलेल्या पैशाचे व्याज हा पहिला खर्च, तर तारेत वाया जाणाऱ्या विजेची किंमत हा दुसरा. तार जाड केली, की पहिला खर्च वाढतो आणि दुसरा घटतो. हे दोन्ही खर्च ज्या जाडीला समसमान होतात, ती जाडी सर्वांत किफायतशीर होय. हाच पुढे केल्विनचा नियम म्हणून प्रसिद्ध झाला.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका बारीक तारेच्या तांब्याचे वार्षिक व्याज २०० रुपये आहे आणि तिच्यात वर्षाला ८०० रुपयांची वीज वाया जाते. एकूण खर्च १,००० रुपये. तार दुप्पट जाड्या काटछेदाची घेतली, तर व्याज ४०० रुपये होईल. परंतु रोध निम्मा झाल्यामुळे वाया जाणारी वीजही ४०० रुपयांचीच राहील. एकूण खर्च ८०० रुपये. काटछेद आणखी दुप्पट केला, तर व्याज ८०० आणि वाया जाणारी वीज २०० रुपयांची होईल. एकूण पुन्हा १,००० रुपये. म्हणजे मधली तारच सर्वांत स्वस्त ठरते. दुकानात कमी किमतीला मिळणारी तार वर्षानुवर्षांच्या वीजबिलात महाग पडू शकते, हा या नियमाचा बोध आहे.

या नियमाची आणखी एक गंमत आहे. तार दहा मीटर असो वा दहा किलोमीटर, किफायतशीर जाडी तीच राहते. कारण लांबी वाढली, की दोन्ही खर्च सारख्याच प्रमाणात वाढतात. पुढील अभियंत्यांनी या नियमात काही दुरुस्त्या केल्या. तार पुरण्याचा किंवा खांबांचा खर्च जाडीप्रमाणे बदलत नाही, म्हणून तो वेगळा धरावा लागतो. मूळ विचार मात्र आजही टिकून आहे.

मोठ्या इमारतीतील तार

आता आजच्या एखाद्या मोठ्या इमारतीच्या मीटरखोलीत डोकावू. तेथून लिफ्ट, पाण्याचे पंप, वातानुकूलन यंत्रे आणि शेकडो दिवे यांच्याकडे वीज जाते. तारेचे माप ठरवताना अभियंता केवळ किफायतीचा विचार करत नाही. त्याआधी सुरक्षिततेच्या कसोट्या लावाव्या लागतात.

पहिली कसोटी उष्णतेची. समजा, मुख्य तारेचा काटछेद ३५ चौरस मिलिमीटर, लांबी ५० मीटर आणि धारा १०० अँपिअर आहे. तांब्याच्या अशा एका तारेचा रोध सुमारे ०.०२५ ओम भरतो आणि तीत सुमारे २५० वॉट उष्णता सतत निर्माण होते. इमारतीतील भार वाढून धारा २०० अँपिअर झाली, तर जूल यांच्या शोधानुसार ही उष्णता १,००० वॉट होईल. ती बाहेर पडण्यास वाव हवा. एकाच नळीत अनेक तारा कोंबल्या किंवा तार तापलेल्या छताखालून नेली, तर उष्णता साचते. म्हणून अशा ठिकाणी तारेची धारा वाहून नेण्याची क्षमता कमी धरतात आणि अधिक जाड तार निवडतात.

दुसरी कसोटी दाबातील घटीची. तार लांब असेल, तर वाटेतच विजेचा दाब घटतो. मग वरच्या मजल्यावरचे दिवे मंद होतात आणि मोटारींवर ताण येतो. तिसरी कसोटी संरक्षणाची. फ्यूज किंवा स्वयंचलित खटका तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा नसावा. फ्यूज वारंवार जातो, म्हणून त्याच्या जागी जाड तार बांधणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवण्यासारखे आहे. मग फ्यूजऐवजी भिंतीतील तार वितळते. या सर्व कसोट्यांना उतरणारी तार निवडल्यावरच किफायतीचा प्रश्न येतो. जी तार दिवसरात्र मोठा भार वाहते, तिच्या बाबतीत किमान मापापेक्षा एक माप जाड तार घेणे अनेकदा फायद्याचे ठरते.

फार मोठ्या धारेसाठी मात्र एकच अतिजाड तार उपयोगी पडत नाही. तारेचा काटछेद दुप्पट केला, तरी तिचा पृष्ठभाग दुप्पट होत नाही. त्यामुळे उष्णता बाहेर पडण्यास तेवढा वाव मिळत नाही. शिवाय दिशा बदलणारी, म्हणजे प्रत्यावर्ती धारा जाड वाहकाच्या बाहेरील भागातून अधिक वाहते आणि गाभ्यातील तांबे बरेचसे रिकामे राहते. या परिणामाचा अभ्यास त्या काळी अनेक शास्त्रज्ञ करत होते. गोल वाहकांचा रोध त्यामुळे किती वाढतो, याचे गणित थॉमसन यांनी मांडले. त्यासाठी वापरलेली गणिती फले आजही त्यांच्या नावाने ओळखली जातात. आपल्याकडे प्रत्यावर्ती धारा सेकंदाला ५० आवर्तने करते. अशा धारेची तीव्रता तांब्यात पृष्ठभागापासून नऊ-साडेनऊ मिलिमीटर खोलीवर निम्म्याहूनही कमी होते. म्हणूनच मोठ्या वीजकक्षात गोल दांड्याऐवजी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्ट्या वापरतात, किंवा अनेक तारा जोडीने टाकतात.

मतभेद आणि मर्यादा

थोर माणसांचेही सर्व निर्णय बरोबर ठरत नाहीत. १८८१ मध्येच थॉमसन यांनी नायगारा धबधब्याची शक्ती तांब्याच्या तारेने दूरवर नेता येईल, असा हिशेब मांडला होता. दाब वाढवला, तर तेवढ्याच शक्तीसाठी धारा कमी लागते आणि तार बारीक चालते. दाब दहापट केला, तर धारा एक-दशांश आणि उष्णता एक-शतांश होते. हे सूत्र त्यांना पुरते ठाऊक होते. परंतु यासाठी एकाच दिशेने वाहणारी धारा वापरावी, असे त्यांचे मत होते. १८९० मध्ये नायगारा प्रकल्पासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे ते अध्यक्ष होते. १८९३ मध्ये प्रकल्पाच्या चालकांनी मात्र प्रत्यावर्ती धारेची निवड केली. कारण ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने तिचा दाब सहज कमी-जास्त करता येतो. आज भारतातील पुष्कळ मोठ्या इमारती ११,००० व्होल्टच्या दाबाने वीज घेतात आणि आपल्या आवारातील ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब उतरवतात. त्यामागे हेच कारण आहे.

पृथ्वीच्या वयाबाबतचा थॉमसन यांचा अंदाजही पुढे फारच कमी ठरला. तरीही त्यांनी शिकवलेली मोजमापाची पद्धत त्यांच्या चुका शोधण्यासही उपयोगी पडली, हे विसरता येणार नाही.

अखेरची वर्षे

मोजायचे, तर मापे सर्वत्र सारखी हवीत. एका गावचा शेर दुसऱ्या गावी चालत नसेल, तर व्यापार होणार कसा? विजेच्या मापांचीही आरंभी तशीच स्थिती होती. थॉमसन यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये रोधाचे प्रमाण ठरवणारी समिती नेमली गेली. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ओम, व्होल्ट आणि अँपिअर ही एकके स्वीकारली. त्या विचारविनिमयातही थॉमसन सहभागी होते.

स्वतःच्या शोधांचा वापर त्यांनी आधी स्वतःच्या घरी केला. १८८० च्या दशकाच्या आरंभी, विजेचे दिवे ही अत्यंत नवलाची गोष्ट असताना, त्यांनी ग्लासगोमधील आपले निवासस्थान विजेने उजळले. १८८४ मध्ये पीटरहाउस महाविद्यालयाला ६०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा तेथील विजेच्या दिव्यांची व्यवस्था त्यांनी भेट म्हणून दिली.

१८९२ मध्ये त्यांना उमरावपद मिळाले. ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी त्यासाठी स्वीकारले. १८९९ मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले आणि लगेच त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून त्यांनी नाव नोंदवले. दहाव्या वर्षी ज्या पटावर त्यांचे नाव लागले होते, त्याच विद्यापीठाच्या पटावर ते पुन्हा विद्यार्थी म्हणून आले.

१९०६ मध्ये विद्युत क्षेत्रातील मानके ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्षपद केल्विन यांच्याकडे आले. दीड, अडीच, चार, सहा, दहा, सोळा चौरस मिलिमीटर अशी तारांची मापे आज आपण दुकानात मागतो. ही मापांची मालिका याच आयोगाच्या मानकांतही आढळते.

१७ डिसेंबर १९०७ रोजी स्कॉटलंडमधील लार्ग्ज येथील आपल्या घरी लॉर्ड केल्विन यांचे निधन झाले. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबे येथे सर आयझॅक न्यूटन यांच्या समाधीजवळ त्यांचे दफन करण्यात आले.

केल्विन यांनी सहाशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. त्यांतील तांब्याच्या काटकसरीवरचा निबंध हा अगदी छोटा. परंतु काटकसर म्हणजे कमी खर्च नव्हे, तर योग्य ठिकाणी योग्य तेवढा खर्च, हा विचार त्याने रुजवला. अटलांटिकच्या तळाशी तांब्यात केलेली बचत सर्वांत महाग पडली होती. घराच्या भिंतीत तार घालतानाही तोच हिशेब लागू पडतो. तार एकदा भिंतीत गेली, की दिसेनाशी होते. म्हणून तिचे माप ती दिसत असतानाच घ्यायचे असते.

शब्दार्थ

काटछेद – तार आडवी कापली असता दिसणारा भाग. त्याच्या क्षेत्रफळावरून तारेची जाडी सांगतात
वाहक – ज्यातून वीज सहज वाहते तो पदार्थ
रोध – विजेच्या वाहण्याला होणारा अडथळा
रोधक आवरण – वीज बाहेर जाऊ नये म्हणून तारेवर चढवलेला थर
प्रत्यावर्ती धारा – ठरावीक काळाने दिशा बदलत राहणारी विद्युतधारा
किफायतशीर – एकूण खर्चाच्या दृष्टीने फायद्याचे
मानक – सर्वांनी मान्य केलेले प्रमाण

स्वाध्याय

१. १८५८ ची अटलांटिक तार निकामी होण्याची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
२. आपला सल्ला डावलला गेल्यानंतर थॉमसन यांनी काय केले? त्यातून त्यांच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?
३. सर्वांत स्वस्त तार ही सर्वांत किफायतशीर असतेच असे नाही. पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
४. एका तारेतून ५० अँपिअर धारा वाहत असताना १०० वॉट उष्णता निर्माण होते. धारा १५० अँपिअर झाली, तर किती उष्णता निर्माण होईल?
५. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या तारांची मापे जाणकार व्यक्तीकडून विचारून घ्या आणि ती मापे का निवडली असावीत, यावर आठ-दहा ओळी लिहा. तारांना स्वतः हात लावू नका.